हळद : डब्यातली आणि कुपीतली



‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. हळद पोटात जाते न जाते तोच तिचा गुण कांतीवर दिसावा, असा हट्ट धरणाऱ्या उतावळ्या माणसाची ती थट्टा आहे. ज्या समाजाने ही म्हण रचली त्याला हळदीचा गुण ठाऊक होता, आणि त्या गुणाला लागणारा वेळ व त्याची मर्यादा हीही ठाऊक होती, असे मला नेहमी वाटत आले आहे. आज तीच हळद औषधांच्या दुकानात सुबक कुपीतून, गोळीच्या किंवा कॅप्सूलच्या रूपाने मिळते. कुपीवर ‘नैसर्गिक अँटिऑक्सिडंट’ असे शब्द असतात. सांधेदुखी, विस्मरण, यकृताचे विकार, वार्धक्य, सगळ्यांवर ती चालते असे विकणारा सांगतो. घरातली कर्ती माणसे मनात म्हणतात, हळदच तर आहे. हिने कोणाचे काय वाईट होणार?

या शेवटच्या वाक्याचाच इतिहास आज सांगावा असे मी योजिले आहे. मी वैद्य नव्हे, रसायनशास्त्रज्ञही नव्हे. मॅट्रिकच्या शिदोरीवर मुलांना इतिहास आणि वेळप्रसंगी थोडेसे विज्ञान शिकविण्यात माझे आयुष्य गेले. परंतु इतिहासाच्या शिक्षकाला एक सवय जडलेली असते. दोन वस्तूंना एकच नाव असले म्हणजे त्या एकच आहेत, असे तो चटकन मानीत नाही. मिसळणाच्या डब्यातली हळद आणि कुपीतली हळद यांचे नाव एक आहे. त्यांची वंशावळ मात्र दोनशे वर्षांपूर्वी वेगळी झाली.

डब्यातल्या हळदीची वंशावळ फार जुनी आहे. हरियाणातील रोहतक जिल्ह्यात फरमाना नावाचे सिंधुसंस्कृतीतील एक गाव उत्खननात सापडले. तेथल्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांना चिकटून राहिलेले पिष्टाचे सूक्ष्म कण तपासले, तेव्हा त्यांत आले आणि हळद यांची ओळख पटली. म्हणजे वेदांचे मंत्र रचले जाण्यापूर्वीच या देशात कोणाच्या तरी रश्शात हळद पडत होती. पुढे संस्कृतात तिला हरिद्रा म्हणू लागले. शिवाय निशा, रजनी अशी रात्रीची नावेही तिला मिळाली. आयुर्वेदाने तिला मानाचे स्थान दिले. वाग्भटाने प्रमेहावर हळद आणि आवळा ही जोडी सांगितली आहे, आणि वैद्य मंडळी ‘निशा-आमलकी’ या नावाने ती आजही देतात. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वैद्याची हळद बहुधा एकटी नसे. ती दुधात, तुपात, मधात किंवा दुसऱ्या वनस्पतींच्या संगतीत दिली जाई. प्रमाण बेताचे असे. आणि नाडी पाहणारा माणूस समोर बसलेला असे.

आपल्याकडे तर हळदीवाचून पानही हलत नाही. नवरदेवाला हळद लागते, सुवासिनींचे हळदीकुंकू होते, जेजुरीला भंडारा उधळला जातो, बोट कापले की हळदीची चिमूट दाबून धरतात. कोकणात आणि गोव्यात नागपंचमीच्या सुमारास हळदीच्या पानात पातोळ्या वाफवतात. त्यांच्या वासासाठी अनेक कोकणी मंडळी परसात दोन कंद लावून ठेवतात. खुद्द कुंकूही हळदीचेच लेकरू. हळदीवर चुन्याची किंवा टाकणखाराची क्रिया करून तो तांबडा रंग आणतात. याच गुणधर्मावर आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक स्वस्त आणि मस्त प्रयोग होत असे. हळदीच्या पाण्यात टिपकागद बुडवून वाळवावा आणि त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकावा. पिवळा कागद तत्क्षणी तांबूस होतो. धोतरावरचा वरणाचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे मुलांना त्या दिवशी उमजे आणि वर्गात हशा पिके. तोच डाग उन्हात वाळत घातला की फिका पडतो. हा उन्हाचा प्रताप श्रोत्यांनी स्मरणात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

महाराष्ट्रात हळदीचे नाव काढले की सांगलीचे नाव निघतेच. शेतातून काढलेले ओले कंद शिजवावयाचे, कित्येक दिवस उन्हात वाळवावयाचे, मग फिरत्या पिंपात घोळून त्यांना चकाकी आणावयाची, तेव्हा बाजारातले हळकुंड तयार होते. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर नावाचे गाव आहे. तेथील जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठविण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. पेवाचे तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही, कीड जगत नाही, आणि माल वर्षानुवर्षे टिकतो. पेव उघडल्याबरोबर आत उतरणे प्राणावर बेतते, म्हणून तोंड उघडे टाकून काही काळ थांबावे लागते. २००५ सालच्या महापुरात यांपैकी बरीच पेवे निकामी झाली. पुढे २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. वर्ध्याकडील वायगावच्या हळदीला ते त्याआधीच मिळाले होते. प्राणवायूपासून माल वाचविण्याची ही देशी युक्ती आणि ‘अँटिऑक्सिडंट’ हा परदेशी शब्द यांच्यात अर्थाचे नाते आहे. परंतु त्या शब्दाकडे वळण्यापूर्वी आपल्याला पॅरिसला जाऊन आले पाहिजे.

१८१५ साली, म्हणजे ज्या वर्षी नेपोलियनचा वॉटर्लू येथे पाडाव झाला त्याच वर्षी, पेल्तिये आणि फोगेल या दोन रसायनज्ञांनी हळदीतून तिचा पिवळा रंग वेगळा काढला आणि त्याला ‘कर्क्युमिन’ असे नाव दिले. ‘कुर्कुम’ या अरबी शब्दावरून हळदीचे लॅटिन नाव आले, आणि त्यावरून हे. हाच पेल्तिये पुढे १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे काढणाऱ्या जोडीतला एक. त्या काळाची दृष्टीच तशी होती. वनस्पती म्हणजे एक पेटी. तिच्यात एक रत्न दडलेले असते. पेटी फोडा, रत्न घ्या, बाकीचे टाकून द्या. क्विनीनच्या बाबतीत ही दृष्टी अक्षरशः खरी ठरली आणि हिवतापाच्या लक्षावधी रोग्यांचे प्राण वाचले. हळदीच्या बाबतीतही ती तशीच खरी ठरेल, असे पुष्कळांनी गृहीत धरले.

प्रारंभी कोणी घाई केली नाही. शुद्ध स्फटिक हाती यायला १८७० साल उजाडले. रेणूची रचना १९१० मध्ये पोलिश रसायनज्ञांनी उलगडली. १९३७ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात पित्ताशयाच्या विकारांवर कर्क्युमिन देऊन पाहिल्याचा एक लेख आला. १९४९ मध्ये ‘नेचर’मध्ये ते जंतूंना मारक असल्याचे टिपण छापले गेले. नंतर वीसेक वर्षे सामसूम होती. १९७३ मध्ये मात्र लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील संशोधकांनी प्राण्यांवर प्रयोग करून कर्क्युमिनमुळे सूज उतरते असे दाखविले. तीन वर्षांनी, १९७६ मध्ये, ते अँटिऑक्सिडंट असल्याचे प्रसिद्ध झाले. आणि येथून कुपीतल्या हळदीचे नशीब फिरले.

हा शब्द मुळात दवाखान्यातला नव्हेच. तो कारखान्यातला आहे. लोखंड गंजते, तेल खवट होते, रबर काही वर्षांनी चिरफळते, हे सारे प्राणवायूचे काम. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रबराच्या आणि तेलाच्या धंद्यातील मंडळींना माल टिकविण्यासाठी जे पदार्थ हवे होते, त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणत. ते माणसाच्या शरीराला कसे लागू झाले, ही एक गमतीची कथा आहे. १९०० साली अमेरिकेतील मिशिगन येथे गोंबर्ग या रसायनज्ञाने ‘मुक्त मूलक’ नावाचा एक अस्थिर कण दाखवून दिला. या कणाला जोडीदार नसतो. जो समोर येईल त्याच्याकडून तो जोडीदार हिसकावून घेतो, मग ज्याचे हिसकावले गेले तो दुसऱ्याच्या मागे लागतो. १९५६ मध्ये डेनम हार्मन या अमेरिकन डॉक्टराने असा तर्क मांडला की, आपण श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूपासून शरीरात असे कण निपजतात, ते आतून झीज घडवितात, आणि वार्धक्य म्हणजे हीच साचत गेलेली झीज होय. तर्क सुंदर होता आणि त्यात तथ्यांशही होता. १९७० मध्ये, दोनदा नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या लायनस पॉलिंग यांनी सर्दीवर क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घ्यावी असे सांगणारे पुस्तक लिहिले. ते हातोहात खपले. मग काय विचारता! शरीर गंजते, अमुक पदार्थाने गंज थांबतो, म्हणून तो पदार्थ जितका अधिक तितके बरे, असा सरळ हिशेब घराघरात पोचला.

हा हिशेब फिनलंडमध्ये चुकला. तेथे धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना पाच ते आठ वर्षे गोळ्या देऊन एक मोठी परीक्षा घेण्यात आली. काहींना गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट रोज २० मिलिग्रॅम, तर काहींना नुसती पोकळ गोळी. गाजरे, पालेभाज्या खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, हे आधी दिसले होते. तेव्हा गोळीने तो आणखी घटेल अशी सर्वांची अपेक्षा. १९९४ मध्ये निकाल बाहेर आला तो उलटाच. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग शेकडा १८ ने अधिक निघाला. अमेरिकेत अशीच एक परीक्षा चालू होती. तीत प्रमाण शेकडा २८ ने वाढलेले दिसताच जानेवारी १९९६ मध्ये ती मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. गाजराने कोणाचे वाईट केले नव्हते. गाजरातून वेगळे काढून, मोठ्या प्रमाणात, वर्षानुवर्षे, धूर ओढणाऱ्या छातीत घातलेल्या एका द्रव्याने ते केले. अँटिऑक्सिडंट पदार्थांच्या इतिहासात याहून मोलाचा धडा मला तरी आढळलेला नाही; आणि याहून लवकर विसरला गेलेलाही नाही.

त्याच सुमारास आपल्याकडे हळदीवरून एक वेगळाच रणसंग्राम माजला. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या आज्यापणज्या जे करीत आल्या त्याचा मक्ता परक्या संस्थेला! भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल हे त्यांचे जन्मगाव, मुंबईत नगरपालिकेच्या शाळेत शिकून ते पुढे आले. परिषदेने ३२ लेखी पुरावे सादर केले; त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथ होते, आणि १९५३ मध्ये भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरले. वृत्तपत्रांनी या लढ्याला हळदीघाटीच्या लढाईची उपमा दिली, आणि ती शोभलीही.

हा विजय खराच होता आणि त्याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. परंतु त्या निकालाने सिद्ध काय झाले? जखमेवर हळद लावण्याचे ज्ञान जुने आहे, नवे नाही, एवढेच. हळदीचा अर्क कॅप्सूलमध्ये भरून रोज गिळला तर तो गुणकारी आणि निर्धोक ठरेल, असे कोणत्याही न्यायासनाने म्हटले नव्हते. तो प्रश्नच तेथे नव्हता. लोकांनी मात्र दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. अमेरिकेनेही मान्य केले, हे वाक्य विक्रेत्यांच्या तोंडी बसले. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे म्हणतात ते याला. त्यानंतर या गोळ्यांचे जे पेव फुटले, ते हरिपूरच्या पेवांसारखे शांत नव्हते.

गोळीत असते काय, हे आता त्रैराशिक मांडून पाहू. सामान्य हळदीत कर्क्युमिन आणि त्याची भावंडे मिळून शेकडा तीनच्या आसपास असतात. मेघालयातील लाकाडोंगसारख्या जातीत ते प्रमाण सातापर्यंत जाते. रोजच्या आमटी-भाजीतून माणशी दोन ग्रॅम हळद पोटात गेली असे धरू. म्हणजे साठ मिलिग्रॅम कर्क्युमिन झाले. बाजारातल्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलवर ‘९५ टक्के’ असे लिहिलेले असते. म्हणजे तीत ४७५ मिलिग्रॅम. एवढे मिळवायला जवळजवळ सोळा ग्रॅम हळद लागेल. आठ दिवसांची हळद एका घोटात! आणि अशा दोन-तीन कॅप्सूल रोज घ्या, असे वेष्टनावर सांगितलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये कर्क्युमिनची, खाद्यरंग म्हणून जन्मभर रोज घेण्याजोगी, वरची मर्यादा देहाच्या दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम ठरविली. साठ किलोच्या माणसाला ती १८० होते. आपली आमटी या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते. कॅप्सूल राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, मात्रा मोठी आहे म्हणूनच तर गुण येतो. येथे एक अडचण आहे. १९७८ मध्ये स्वीडनमध्ये उंदरांना कर्क्युमिन खाऊ घातले, तेव्हा त्याचा बहुतांश भाग मलावाटे तसाच बाहेर पडला. रक्तात जेमतेम काही उतरले. हा रेणू पाण्यात विरत नाही आणि मोठा नाजूकही आहे. शरीराइतक्या उष्ण आणि रक्ताइतक्या सौम्य अल्कधर्मी अशा साध्या द्रावणात अर्ध्या तासात त्याचा नऊ दशांश भाग विघटित होतो. धोतरावरचा डाग उन्हात फिका पडतो, तो याच नाजूकपणामुळे. मग १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून एक उपाय निघाला. दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर काळ्या मिरीतले पायपेरीन हे द्रव्य २० मिलिग्रॅम दिले, तर माणसाच्या रक्तात उतरणारे कर्क्युमिन वीस पटींनी वाढते असे दिसले. तेव्हापासून पुष्कळशा कुप्यांवर मिरीचाही उल्लेख झळकू लागला. परंतु पायपेरीन हे साधते कसे? आतडी आणि यकृत परक्या द्रव्यांचा जो निचरा करतात, तो ते मंदावते. घराची मोरी थोडी तुंबवून पाणी साठविण्यापैकी हा प्रकार आहे. साठलेल्या पाण्यात आपल्याला हवे तेच राहील, असे नाही. त्याच वेळी घेतलेली दुसरी औषधेही रक्तात अधिक काळ रेंगाळू शकतात.

मग लाभ काही आहे की नाही? आहे, पण जाहिरातीइतका नाही. थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रोग्यांना चार आठवडे हळदीचा अर्क किंवा आयबुप्रोफेन ही नेहमीची वेदनाशामक गोळी देऊन २०१४ मध्ये तुलना प्रसिद्ध झाली. अर्क गोळीच्या तोडीस उतरला आणि पोटाचा त्रास कमी झाला. त्याच देशात २०२३ मध्ये अपचनाच्या २०६ रोग्यांची परीक्षा प्रसिद्ध झाली. तीतही कर्क्युमिन ओमेप्राझोल या प्रचलित औषधाच्या बरोबरीने उतरले. या गोष्टी नाकारण्यात अर्थ नाही. गुडघे दुखणाऱ्या माझ्या वयाच्या माणसाला त्या महत्त्वाच्याच आहेत. मात्र या परीक्षा आठवड्यांच्या आहेत, वर्षांच्या नाहीत. स्मृतिभ्रंशावर अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान परीक्षेत सहा महिन्यांनीही गुण दिसला नाही. २०१७ मध्ये काही रसायनज्ञांनी शंभरांहून अधिक चाचण्यांचा आढावा घेऊन असे मत दिले की, पोकळ गोळीशी कसून केलेल्या तुलनेत कर्क्युमिन कोठेही निर्विवाद यशस्वी ठरलेले नाही. इतकेच नव्हे तर हा रेणू प्रयोगनळीत जणू काही गुण आहे असा खोटा भास उत्पन्न करतो. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे कर्करोगावर कर्क्युमिनचे गुण गाणाऱ्या एका ख्यातनाम संशोधकाचे पंचवीसांहून अधिक निबंध नियतकालिकांनी मागे घेतले. ज्या निबंधांच्या पायावर पुष्कळ इमारत उभी होती, त्यांतले हे काही होते.

आता अधिक गंभीर गोष्टीकडे येतो. २०१८ आणि २०१९ या वर्षांत इटलीमध्ये हळदीच्या गोळ्या घेणाऱ्या वीसाहून अधिक माणसांना यकृताचा तीव्र दाह झाला. आधी संशय भेसळीवर गेला. तपासात भेसळ सापडली नाही. शेवटी २०२२ मध्ये तेथील आरोग्य खात्याने या गोळ्यांवर इशारा छापण्याचा नियम केला, आणि त्या यकृताला हितकारक आहेत असे म्हणण्यास मनाई केली. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या वैद्यांच्या मंडळाने त्याच वर्षी दहा रोग्यांचा वृत्तांत दिला. पाचांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एक दगावला. दहांपैकी सातांच्या अंगी एक विशिष्ट आनुवंशिक खूण आढळली. ती आपल्यात आहे की नाही हे आरशात पाहून कळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांकडे २०२३ पर्यंत अशा १८ तक्रारी आल्या आणि त्यांनीही जनतेला सावध केले. अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रौढ माणसे हळदीच्या गोळ्या घेत असावीत, असा २०२४ मधला अंदाज आहे. त्या मानाने हे रोगी अत्यल्प, हे मान्य. पण त्यांतल्या बहुतेकांनी त्या गोळ्या प्रकृती सुधारावी म्हणून घेतल्या होत्या. कावीळ होऊन डोळे पिवळे झाल्यावर डॉक्टराने विचारले, काय काय औषधे घेता? तेव्हा हळदीचे नाव सांगावे असे किती जणांना सुचेल? आपल्याकडे हळद हे औषध म्हणून मोजलेच जात नाही, आणि खरा धोका तेथेच आहे.

माझ्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांना त्यांच्या परदेशस्थ चिरंजीवांनी मोठ्या प्रेमाने अशा दोन कुप्या पाठविल्या. गृहस्थ हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत होते. सुदैवाने सूनबाईंनी कुपी फोडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले. ही सुदैवाची गोष्ट का म्हणतो ते सांगतो. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी एका रोग्याची हकिकत प्रसिद्ध केली. तो वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेत होता. रक्त गोठण्याच्या तपासणीचा जो आकडा डॉक्टर अशा रोग्यांत सामान्यतः दोन ते तीनच्या दरम्यान ठेवतात, तो हळदीचे औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांत दहाच्या वर गेला. एवढ्या आकड्याला कोठेही रक्तस्राव सुरू होऊ शकतो.

पित्ताशयात खडे असणाऱ्यांनीही या गोळ्यांपासून दूर राहावे, कारण अवघ्या २० मिलिग्रॅम कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावते असे दिसले आहे. खडा असला म्हणजे तो वाटेत अडकावयाचा. कर्क्युमिन लोहाला धरून ठेवते, तेव्हा पंडुरोग असलेल्या स्त्रियांनी विचार करावा. हळदीत ऑक्झलेट पुष्कळ असते; मूतखड्याची खोड असलेल्यांना चूर्णाचे चमचेच्या चमचे नकोत. मधुमेहाच्या औषधांबरोबर साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. गरोदरपणी कॅप्सूल टाळावी, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद करून शस्त्रवैद्याला तसे सांगावे. इतके करूनही गुडघ्यासाठी कोणाला ती घ्यावयाचीच असेल, तर डॉक्टरांना विचारून, थोड्या मात्रेत, काही आठवड्यांपुरती घ्यावी आणि शक्यतो मिरीच्या अर्काची जोड नसलेली निवडावी. थकवा, मळमळ, अंगाला खाज, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी गोळी बंद करून यकृताची तपासणी करून घ्यावी.

हे ऐकून डब्यातल्या हळदीविषयी कोणी निश्चिंत होईल, म्हणून तिच्याविषयीही चार शब्द. तिच्यात दोष नाही, पण तिच्यावर चढविलेल्या रंगात असू शकतो. बांगलादेशात १९८० च्या दशकात पुराने भिजून काळवंडलेली हळद खपावी म्हणून तिला पॉलिश करताना शिशाचा पिवळा रंग, म्हणजे लेड क्रोमेट, लावण्याची वाईट चाल पडली. २०१९ मध्ये संशोधकांनी तेथील गर्भवतींच्या रक्तातल्या शिशाचा माग काढीत काढीत या रंगापर्यंत मजल मारली. शिसे लहान मुलांच्या बुद्धीची कायमची हानी करते. सरकार जागे झाले, गिरण्यांवर छापे पडले, दंड झाले, वर्तमानपत्रांतून सूचना आल्या. आणि २०१९ मध्ये बाजारातल्या नमुन्यांपैकी शेकडा ४७ नमुन्यांत सापडणारे शिसे २०२१ मध्ये एकातही सापडले नाही. मनात आणले तर काय होते पाहा! आपल्याकडेही काही ठिकाणच्या हळदीत शिसे सापडले आहे; मेटॅनिल यलो या अखाद्य रंगाची भेसळ तर जुनीच.

तेव्हा घरात हळद आणताना अतिशय चकचकीत, डोळ्यांत भरणारे पिवळेजर्द हळकुंड पाहून भुलू नये. थोडे मळकट, वरची साल जराशी खरखरीत असलेले हळकुंड घ्यावे, ते मोडून आतला गाभा पाहावा, आणि शक्य असेल तर आपल्या समोर दळून आणावे. हळकुंड हातात चोळून भगभगीत पिवळी पूड लागली, तर ते दुकानदाराला परत करावे. राहिले हळदीचे दूध. रात्री कपभर दुधात पाव चमचा हळद ज्यांना आवडते त्यांनी ती खुशाल घ्यावी. तीत कर्क्युमिन पंचवीस मिलिग्रॅमच्या आगेमागे भरते. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी मात्र पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्या दुधाचाही उल्लेख करावा.